अल्पाकाचे दात

बेडशाजवळच्या फार्मवर अल्पाका म्हणून जे लांब मानेचं, लोकरीचं विलायती जनावर दाखवतात ती साधी शेळी आहे, लोणावळ्याच्या पार्लरात नेऊन तिचे केस फुगवून आणतात, अशी कुजबुज गेल्या हिवाळ्यात कुसगावात सुरू होती. मान ओढून ओढून लांब केली, असंही एक जण शपथेवर सांगायचा.

कुसगावच्या येसूबाईला ही गोष्ट तोंडपाठ होती. तशी ती संशयीच बाई. गवळ्यासमोर दुधात बोट बुडवून बघायची, कंडक्टरनं दिलेलं तिकीट उजेडात धरायची. आईविना वाढवलेल्या तेजलला, तिच्या नातीला, त्याच फार्मवर जनावरं सांभाळणाऱ्या पवनचं स्थळ आलं, तेव्हा तर तिला रानच मोकळं मिळालं.

"शेळीला अल्पाका म्हननारा उद्या तुला काय म्हनंल, बाई?"

तेजलला पवन पसंत होता. पण आजीच्या होकाराशिवाय ती बोहल्यावर चढणार नव्हती. अखेर ती वैतागली. "तू सोताच्या डोळ्यांनी बघ. मग न्हाई म्हन."

रविवारी सोमाटण्याहून तेजलचा मामा हनुमंत बायकापोरांना घेऊन गाडीनं आला आणि सगळी वरात फार्मवर निघाली. पोरं शेळ्यांना पाला चारण्यात रमली, मामी फोटोत रमली. येसूबाई मात्र पदर खोचून, चोर पकडायला आल्यासारखी कुंपणाच्या कडेकडेनं फिरत होती.

"जयभीम, आजी," पवन पुढं आला.

"जयभीम. कुटं हाय तुजं ते विलायती?"

पवननं अल्पाका आणला. पांढरा, डोळ्यांवर झुलपं आलेला. शेजारची एक पर्यटक बाई डोळा मारून म्हणाली, "खरं सांगा हो, शेळीच ना?" पवन कसनुसा हसला. रोज दहा जण हेच विचारायचे. मालकही आता त्याच्यावर चिडू लागला होता, जणू पवननंच शेळी रंगवली होती.

शेळी घ्यायची तर आधी दात बघायचे, ही येसूबाईची जन्माची सवय. तिनं काही कळायच्या आत जनावराचा वरचा ओठ उचलला आणि ती थिजली. वर पुढं एकही दात नव्हता. नुसती हिरडी. अगदी शेळीसारखी.

"आत्ता गं! ही तर खरीच शेळी!" ती ओरडली. गंमत म्हणजे जिंकल्याचा आनंद सोडा, तिचा चेहरा भूत पाहिल्यासारखा झाला होता.

तेवढ्यात अल्पाकानं मान मागं घेतली आणि चघळलेल्या हिरव्या चाऱ्यासकट येसूबाईच्या तोंडावर सणसणीत थुंकी टाकली. पोरं खिदळली. मामीनं फोटो काढला. तेजल रडायच्या बेताला आली, "झालं! आता संपलं सगळं!"

पवन जनावरावर ओरडला नाही, म्हातारीवरही नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं आधी तिचे डोळे पुसले.

"वरचे पुढचे दात ह्यालाबी नसत्यात, आजी. आता पाय बघा." त्यानं अल्पाकाचा पाय उचलून तिच्या हातात दिला. "खूर लागतोय का?"

येसूबाईनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. पुढं दोन नख्या आणि खाली मऊ गादी. तिनं परत दाबलं. मग दुसरा पाय मागितला. तोही तसाच.

तिनं पाय खाली ठेवला. तेजलकडं पाहिलं, पवनकडं पाहिलं, टॉवेलकडंही जरा संशयानंच पाहिलं.

"रविवारी सुट्टी आसती का रं तुला?"

"रविवारी लय गर्दी, आजी. सोमवारी आसती."

"मग लगीन झाल्यावर दर सोमवारी हिला माज्याकडं घिऊन यायचं. कबूल आसंल तर बोल."

"कबूल."

"आन् त्यो टॉवेल धुवून टाक. वास मारतोय."

तेजलनं सगळ्यांदेखत आजीला मिठी मारली आणि स्वतःलाही हिरवं करून घेतलं.

ते जनावर अल्पाकाच होतं. शेळीची गोष्ट पवनचं स्थळ आल्यावर येसूबाईनंच पिठाच्या गिरणीत पहिल्यांदा सांगितली, तेव्हा तिनं तो फार्म पाहिलेलाही नव्हता. तेजल सासरी गेली की घरात ती एकटी उरणार होती, म्हणून तिला ते लग्न मोडायचं होतं.