बाहेर बसणाऱ्याचं काम

संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू होतं, भिलाईच्या रिसालीत, आमच्याच गल्लीत. हॉल बायकांनी खच्चून भरला होता. माझ्या हातात वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी होती आणि तोंडात तिळाची वडी. कोणी मला काही बोललं नव्हतं, काही वाईट बातमी आली नव्हती. आणि एकदम माझं काळीज धाडधाड उडायला लागलं. बोटांना मुंग्या आल्या, श्वास घशाखाली उतरेना आणि डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली, की मी आत्ता मरते, इथेच, या सगळ्या बायकांच्या मधे. मी उठले, कोणाच्या तरी नव्या साडीवर पाय दिला आणि चपला न घालता रस्त्यावर आले. गाळणी मात्र हातातच होती.

हॉस्पिटलात ईसीजी काढला, तो नॉर्मल. रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. असे रिपोर्ट आले की माणसाला आनंद व्हायला पाहिजे, मला राग आला. एवढी मरता मरता वाचले मी, आणि कागदावर काहीच नाही? शेजारणींकडे उत्तरं तयार होती. एकीच्या मते गॅस होता, दुसरीच्या मते नजर. भिलाईतच स्मृती नगरात राहणारी माझी बहीण भेटायला आली, ती म्हणाली, "तू विचार लय करतं. नको करत जाऊ."

"तू कसा बंद करतं? मले बी बटन दाखव," मी म्हणाले. ती रुसली आणि चहा न घेता गेली.

त्यानंतर तो झटका कधीही यायचा. भाजीबाजारात एकदा आला, म्हणून बाजार बंद केला. बहिणीकडे जाताना ऑटोत आला, म्हणून स्मृती नगर बंद. होळीपर्यंत माझं भिलाई घरापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत उरलं होतं. त्यातच नागपूरहून लेकीचा फोन आला, की तिला दिवस गेलेत. तिला सासू नाही. नोकरी तिथली, डॉक्टर तिथली, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी यायचं तिला जमणार नव्हतं. "मम्मी, तू येशील ना?" तिनं विचारलं. मी येते म्हणाले, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. जिला गिरणीच्या पुढं जाववत नाही ती बंद डब्यात बसून नागपूरला कशी जाणार होती?

आमचे हे तेव्हा नुकतेच स्टील प्लांटातून रिटायर झाले होते. जन्मभर मेंटेनन्समध्ये काम केलेला, थंड डोक्याचा माणूस. पण माझ्या बाबतीत त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पाण्याची बाटली आणि ग्लुकोज घेऊन ते माझ्या मागे मागे फिरायचे. मी जरा थांबले की नाडी धरायचे. एकदा बँकेत मी नुसता सुस्कारा टाकला, तर हे ओरडले, "हटो, हवा आने दो! पेशंट है!" सगळी रांग बाजूला झाली आणि मॅनेजरनं स्वतःची खुर्ची दिली. आमचं काम त्या दिवशी लवकर झालं हे खरं, पण मला झटक्यापेक्षा ह्यांच्या चेहऱ्याची जास्त भीती वाटायला लागली होती. मरणाऱ्या बाईकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघायचे.

शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच आम्हाला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं, गाळणीपर्यंत. मग म्हणाल्या, की हे नाटक नाही आणि वेडही नाही. शरीराला वाटतं संकट आलंय, म्हणून ते पळायची तयारी करतं. काळीज धावतं, श्वास धावतो, हातापायांना मुंग्या येतात. हे चढतं तसं थोड्या वेळानं आपणच उतरतं. तुम्ही दर वेळी पळून जाता, म्हणून ते उतरताना तुम्ही कधी पाहिलंच नाही. त्यांनी काही महिन्यांसाठी गोळ्या दिल्या, श्वास सावकाश सोडायला शिकवलं आणि ज्या जागा सोडल्या तिथं हळूहळू परत जायला सांगितलं. निघताना ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही इतकं घाबरू नका." हे पाण्याची बाटली काखेत मारून तरातरा पुढं निघाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लसूण सोलत बसलो होतो. मला त्यांची नोकरीतली एक गोष्ट आठवली. शटडाउनमध्ये यंत्रं बंद असताना एखादा माणूस टाकीत किंवा मोठ्या पाइपात दुरुस्तीला उतरायचा, तेव्हा तोंडाशी दुसरा एक बसवलेला असायचा. ते बाहेर बसायचं काम ह्यांनी खूप केलं होतं.

"तवा आतला माणूस घाबरला तं तुमी काय कराचे?" मी विचारलं. "हवा घालाचे?"

"आत जाचंच नाही ना!" हे चिडले. "आपली जागा सोडाची नाही. खरंच काही झालं तं बाहेरून मदत बोलवाची. बाहेरचा घाईनं आत घुसला का दोघं बी गेले."

"मंग नुसतं बसाचं?"

"नुसतं काहून? आवाज देत राहाचा. तो ओ देत राहते."

"घाबरू नको म्हणाचे?"

"कधीच नाही. घाबरू नको म्हटलं का त्याले वाटते, घाबराचीच गोष्ट हाय. डब्यात काय आणलं, पोराची परीक्षा कशी गेली, असं काही बी विचाराचं. ओ आली म्हणजे..."

बोलता बोलता त्यांचा लसूण सोलणारा हात थांबला. मी मान खाली घालून माझ्या पाकळ्या सोलत राहिले. हसू दाबायला मला फार त्रास झाला.

त्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा बाजारात जायला लागलो. हे स्कूटरवर बाहेर बसायचे आणि मी आत. ठरलं होतं की हे आत यायचे नाहीत, फक्त फोन करतील.

"वांगे कसे हायेत वं?"

"कि... किडके."

"मंग नको घेऊ. टमाटे?"

टमाटे कसे आहेत हे सांगायला ते बघावे लागायचे, हातात घेऊन दाबावे लागायचे. असं करता करता एक दिवस झटका आला, चढला, आणि मी कोथिंबिरीच्या ढिगापाशी उभी असतानाच उतरला. मी घामाघूम झाले होते, पण जागेवर होते. त्या कोथिंबिरीची मी चटणी केली आणि बहिणीकडे पाठवली. ती परत चहाला यायला लागली.

दिवाळीनंतर आम्ही दुर्गहून नागपूरच्या गाडीत बसलो. डोंगरगड गेलं की पुढं बोगदा लागतो, आणि मी त्या बोगद्याची महिनाभर वाट पाहत होते, अर्थात चांगल्या अर्थानं नाही. खिडक्या काळ्या झाल्या आणि झटका आला. ह्यांनी नाडी धरली नाही. समोर बघत विचारलं, "डब्यात काय आणलं?"

"तुमीच... भरला ना डबा."

"मले आठवत नाही."

"पुरी. आलूची भाजी. लोणचं ठेवलंच नाही तुमी."

बोगदा संपला तरी माझं संपलं नव्हतं. मी श्वास सोडत राहिले, हे लोणच्याची माफी मागत राहिले. गोंदिया यायच्या आत मला भूक लागली. बिनलोणच्याच्या त्या पुऱ्या मी फार सुखानं खाल्ल्या.

लेकीला कळा सुरू झाल्या त्या दुपारी मला आत तिच्याजवळ बसू दिलं. दार बंद झालं, फिनाइलचा वास आला आणि माझं काळीज ओळखीच्या चालीनं धावायला लागलं. बाहेरच्या बाकावर हे होते. जावई आत होता आणि लेकीचा हात धरून सारखा म्हणत होता, "डर मत, डर मत." त्याचाच चेहरा पांढरा पडला होता. लेक मान हलवत म्हणाली, "मम्मी, मुझसे नहीं होगा. मले घरी जाचं हाय."

मी स्टूल ओढून तिच्या डोक्याशी बसले. "उद्या तुया बाबाले काय करून देऊ?" मी विचारलं. "वांगे का मेथी?"

"मम्मी! ये क्या पूछ रही है?"

"आवाज दिला तं ओ द्याव लागते. वांगे का मेथी?"

कळ आली, गेली. ती दात खाऊन म्हणाली, "वांगे. आलू डालके."

"तिखट?"

"कम."

तेवढ्यात दाराबाहेरून ह्यांचा आवाज आला, "काय चालू हाय वं?" नर्स त्यांच्यावर ओरडली. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज सरळ होता, आणि ते आत आले नाहीत.

"वांगे!" मी आतून ओरडले. माझं काळीज अजून धावत होतं. मी त्याला धावू दिलं आणि लेकीला विचारलं, कांदा बारीक चिरू का जाड. आम्ही भरीत, मसालेभात, कढी असं करत करत गोडापर्यंत पोचलो, तेव्हा लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी मला थोडं बाजूला व्हायला सांगितलं.

मग बाळाचा आवाज आला, चांगला ठणठणीत. आणि दाराबाहेरून ह्यांनी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओ दिली.