पहार, दोन बोटं आणि मुरुडचा टँकर

दुष्काळाचं साल होतं आणि लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जुन्या जिल्ह्याच्या कचेरीतून माझी तिथं बदली झाली होती, पण त्या दिवशी पाचच्या आत हजर झालो तरच. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या कारकुनाची. बायको लातूरच्या शाळेत शिकवायची. लग्नाला चार वर्षं होऊनही आमचा संसार फक्त रविवारचा होता. त्यामुळे पणाला लागली होती ती नुसती बदली नव्हती.

माझ्या मोटारसायकलचं इंजिन ज्या रबरांवर बसतं, ते झिजले होते. गाडी अशी थरथरायची की मागं बसलेल्याचं बोलणं तुकड्यातुकड्यानं ऐकू यायचं. नवे रबर मेव्हण्यानं नांदेडहून आणून दिले होते आणि मी ते पंधरा दिवस खिशात घालून हिंडत होतो. शेवटी त्याच दिवशी, लातूरच्या वाटेवर, मुरुडच्या वेशीवर जुन्या रबरांनी राम म्हटला.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे लिंबाखालचं पत्र्याचं छप्पर. त्यानं इंजिनाखाली पहार घालून ती माझ्या उजव्या हातात दिली. डाव्या हाताची दोन बोटं खाचेत घालून नवा रबर धरायला लावला. बोल्ट अर्धा आत गेला आणि रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला.

"सायेब, हालू नका. दोन मिन्टांत आलो," म्हणत मिस्त्री तीन घागरी घेऊन पसार.

पहार सुटली तर बोटं गेली. बोटं काढून पहार सोडावी, तर इंजिनाच्या वजनानं बोल्ट वाकणार, आणि तसला बोल्ट मुरुडात मिळत नव्हता. तीन वाजले. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळला, पण तो पुसायला माझ्याकडं हात नव्हता. पाण्याची रांग छपरापर्यंत आली होती. शेपटाला एक म्हातारी होती.

"काय वो, गाडी पळून जायली का, इतकी धरून बसलाव?"

"मावशी, तेवढं मिस्त्रीला बोलवा की."

"आन माजा नंबर कोण धरंल? तुमी?"

"माझे दोन्ही हात अडकलेत."

"दिसालंय की."

गणपतीतल्या नाटकांत मी कायम राजाचं काम करायचो. तोच आवाज काढला. "मी नव्या जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीचा माणूस आहे. टँकरची पाहणी चालू आहे."

मघाशी कुणाच्याच्यानं न धरवणारा नंबर आता घागरींनी धरला आणि सगळी रांग माझ्याभोवती आली. तक्रारी सुरू झाल्या: टँकर एक दिवसाआड येतो, अर्धाच येतो, पाण्याला डिझेलचा वास येतो. मी मान हलवत होतो. तेवढीच मोकळी होती. गर्दी कशाची म्हणून मिस्त्रीही आला आणि त्यानं मुकाट बोल्ट ठोकला.

मी किक मारणार, तोच म्हातारीनं हँडल धरलं. "लिवून घ्या आदी."

"मावशी, मला पाचच्या आत..."

"आमाला बी पाणी पायजे. लिवा."

गाडीच्या सीटवर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. अंगठ्यांना शाई नव्हती, ते माझ्या हाताच्या ऑईलवर टेकवले. पावणेचारला सुटलो. गाडी आता थरथरत नव्हती.

पाचला सात मिनिटं कमी असताना हजेरीपटावर सही केली. सहीशेजारी माझंही बोट उठलं. हेडक्लार्कनं माझ्या खिशातून डोकावणारा अर्जाचा कागद ओढून वाचला.

"तुम्हाला हे जमतंय. टंचाईचं टेबल रिकामंच आहे," ते म्हणाले. "रविवारी सुट्टी धरू नका."

घरी जाऊन बायकोला सांगितलं, झालो हजर, आता रोज घरी. रविवारचं तेवढं सांगितलं नाही. ती हसली. मग तिनं माझ्या कोपरापर्यंत काळ्या हातांकडं बघितलं आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या एकुलत्या एक बादलीवर हळूच झाकण ठेवलं.