रविवारची शिकवणी

माझा लहान भाऊ कॅनडात गांजा विकतो. दचकू नका. तिथं सरकारच परवाना देतं. दुकानाला काचेचा दरवाजा आहे, आत एसी आहे, आणि हा गळ्यात ओळखपत्र घालून काउंटरमागे उभा असतो. इकडे आमच्या सौंसरात कोणी विचारलं तर मी मात्र "मेडिकल लाइनमध्ये आहे" म्हणून मोकळा होतो.

नऊ वर्षं झाली, आला नाही. आधी कागदपत्रं व्हायची होती, मग सुट्टी मिळत नव्हती, मग तर कारण सांगणंच बंद झालं. मला एवढंच पाहिजे होतं, की त्यानं एकदा यावं. राहायला नको. यावं, मोहगावच्या रस्त्यावर आमचा संत्र्याचा बगीचा आहे, त्यात माझ्यासोबत एक चक्कर मारावी, बस. एवढ्यासाठी माझ्या बायकोनं जामसांवलीला किती शनिवार केले, ते तो हनुमंतच जाणे.

दर रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्याकडे शनिवारची संध्याकाळ, त्याचा फोन यायचा.

"कसा आहे भाऊ?"

"बरा आहो. तू?"

"मस्त."

"जेवला का?"

"हाव."

झालं! पाच मिनिटांत दोघं सख्खे भाऊ रिकामे. ज्याच्यासोबत एका खाटेवर लोळून मोठा झालो, त्याच्याशी बोलायला मला विषय सापडू नये? फोन ठेवला की माझाच मला राग यायचा.

एका रविवारी मी असंच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुह्या दुकानात सगळ्यात जास्त काय चालते बे?"

आणि गडी खुलला. म्हणाला, "भाऊ, फुलं-पानं आता म्हाताऱ्यांसाठी. नवे पोट्टे डॅबिंग करते." मग कितीतरी वेळ सांगत बसला. झाडाचा अर्क काढतात, कोणता मधासारखा घट्ट, कोणता मेणासारखा. हुक्क्यासारखं काचेचं भांडं असतं, त्यात पाणी, वरती एक लहान वाटी. ती वाटी सोनाराच्या असते तशा ज्योतीवर तापवतात, निवू देतात आणि तांदळाच्या कणीएवढा अर्क तिच्यात टेकवून त्याची वाफ ओढतात. नवा माणूस नेहमी जास्त घेतो आणि आडवा होतो, म्हणाला.

"म्हणजे गोळी करून दुधासोबत गिळली तर नाही जमत?" मी विचारलं.

बाप्पा! असा हसला, असा हसला, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. नऊ वर्षांत ते हसणं मी ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी ठरवलं, आपण याचा चेला व्हायचं. मला त्या वाफेचं काय करायचं होतं? साधी तंबाखू सुटली तेव्हा मी देवाला नारळ फोडला होता. पण दर रविवारसाठी एक प्रश्न तयार ठेवायला लागलो. अर्क पिवळा चांगला की काळा? वाटी काचेची का, लोखंडाची का नाही? तो बोलायचा, मी हूं हूं करायचो, आणि अर्धा अर्धा तास जायचा.

बायको वैतागली. "अहो, नातवंडं खेळवायच्या वयात गांजा शिकून राहिले का तुम्ही?"

"चूप बस नं," मी म्हटलं. "तो बोलून राहिला."

ती चूप बसली. पुढच्या रविवारी चहा देता देता हळूच म्हणते, "विचारा नं भाऊजींना, त्यानं खोकला येते का म्हणून."

यंदा महाशिवरात्रीच्या आधी फोन आला, तेव्हा मला आमच्या घरची भांग आठवली. बाप पाट्यावर वाटायचा, आणि घरचा एक कायदा होता. पहिल्यांदा पिणाऱ्याला ज्यानं पेला दिला, त्यानंच त्याच्याजवळ बसायचं. तो तोंडानं खायला मागत नाही तोवर उठायचं नाही. भावाला पहिला पेला मीच दिला होता. तासाभरात "काहीच नाही चढली" म्हणत त्यानं माझी नजर चुकवून दुसरा मारला. प्रत्येक नवा माणूस हीच चूक करतो, भांग दबक्या पावलानं येते नं. आधी हसला, मग रडला, मग माझा शर्ट मुठीत धरून "भाऊ, जाऊ नको" करत बसला. मी गेलो नाही. संध्याकाळी कधीतरी म्हणाला, "उसळ उरली का साबुदाण्याची?" तेव्हा उठलो.

हे सगळं आठवून दोघंही फोनवर खूप हसलो. हसता हसता मी विचारलं, "तुमच्या तिकडे नव्या माणसाजवळ कोण बसते?"

"आम्ही सांगतो, एकट्यानं नको करू म्हणून."

"आन् तुह्याजवळ कोण बसते?"

मला वाटलं नेटवर्क गेलं.

"मी नवा नाही राहिलो, भाऊ," तो म्हणाला. "रोजचं आहे माह्यं. सकाळी उठल्यावर बी. त्याच्याबिना जेवण नाही जात, झोप नाही येत." मग थांबून म्हणाला, "म्हणून तर येत नाही. ते विमानात आणता येत नाही. दोनदा तिकीट काढलं होतं. दोन्ही वेळा आधी चार दिवस सोडून पाहिलं. नाही जमलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके रविवार मी ज्या वस्तूचं कौतुक करून राहिलो होतो, तिनंच माझा भाऊ अडवून ठेवला होता. आणि मी तिचा रंग विचारत होतो!

"तू ये," मी म्हटलं. "मी बसतो तुह्याजवळ."

"एका दिवसाचं काम नाही ते."

"मग महिनाभर बसतो. संत्रा तोडून झाला, मले काय काम आहे आता?"

"पाहतो," तो म्हणाला. आमच्याकडे 'पाहतो' म्हणजे 'नाही', हे मला कोणी शिकवायला नको. मग तो म्हणाला, "ठेवू का, भाऊ?"

ठेव म्हणायला पाहिजे होतं. निदान त्या वस्तूचं नाव तरी पुन्हा काढायला नको होतं. बायको दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"थांब नं," मी म्हटलं. "ते काचेचं भांडं धुता कसं तुम्ही, ते नाही सांगितलं तू."

तो सांगायला लागला. बायको माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.