बैल कोंडवाड्यात

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांतली ही गोष्ट. अमरावतीच्या बाजारात दलाल वानगी म्हणून प्रत्येक गाडीतून कवळभर कापूस ओढायचे आणि परत द्यायचे नाहीत. वानगी मूठभर घ्यायची असते. मला आजही त्याचा राग येतो. एका सकाळी आम्ही अंजनगावकडच्या गाडीवाल्यांनी बाजाराच्या वाटेवरच बैल सोडले आणि गाड्यांच्या सावलीत भाकरी खात बसलो.

रस्ता अडवल्याची शिक्षा म्हणून गोऱ्या साहेबानं सगळे बैल कोंडवाड्यात घालायला लावले. शिपायांनी ते मोठ्या हौसेनं हाकून नेले. भरल्या गाड्या मात्र जागच्या जागी राहिल्या, कारण त्या ओढणार कोण? मागं व्यापाऱ्यांचा माल अडकला, खुद्द साहेबाची बग्गीही अडकली. दिवस कलताना तो पायीच आला. यापुढं वानगी मुठीचीच, असं त्यानं दलालांकडून कबूल करून घेतलं आणि बैल सोडायला सांगितले. सरकारी कडबा खाऊन ते चांगलेच सुस्तावले होते.

"पुन्हा रस्ता अडवाल?" साहेबानं दरडावून विचारलं.

माझे वडील बैल जुंपता जुंपता म्हणाले, "आमी तं निस्ता सकाळी अडवला होता, साहेब. दिवसभर तुमीच अडवून ठेवला."