टोळी पासलीची

भोरात बसून मी पुण्यातल्या गुंडांवर कादंबरी लिहीत होतो. माझ्या खिडकीतून समोरच्या दुकानातली खताची पोती दिसतात आणि भांडण म्हणावं तर एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून होतं. तरी माझ्या प्रत्येक प्रकरणात एक माणूस कोयत्याने तोडला जायचा. प्रकाशक पुण्याचे. त्यांना दर फोनला रक्त कमी वाटायचं. कादंबरीत दोन पोलीस अधिकारी होते, एक ठाण्याचा निरीक्षक आणि दुसरा गुन्हे पथकाचा, आणि एकाच गुंडाला पकडल्याचं श्रेय दोघांना हवं होतं. ते भांडण आपण जरा जास्तच ताणलंय, असं मला वाटायचं. पुढे कळलं की मी फारच भिडस्त लेखक होतो.

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. वेल्ह्याच्या पलीकडे पासलीला त्यांची भातखाचरं आहेत. थंडी सरत आली की रोपाच्या जागेवर जाळायला झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात. त्याला राब म्हणतात. वेल्ह्यातल्या लोहाराने भाता बंद केल्यापासून आळीतले सगळे कोयते एकाच माणसाबरोबर भोरला धार लावायला धाडायची रीत पडली आहे. कोयते ओळखू यावेत म्हणून ज्याने त्याने मुठीला घरातली चिंधी बांधायची. कुणाची लुगड्याची, कुणाची जुन्या सदऱ्याची.

त्या वर्षी पाळी आप्पांची होती. धार लावून झाल्यावर ते माझ्याकडे चहाला आले आणि मुलीबद्दल बोलत बसले. माझी ही चुलत बहीण पोलीस भरतीत निवडली गेली होती. मैदान झालं, लेखी झाली, राहिली होती ती चारित्र्य पडताळणी, म्हणजे घरादाराची चौकशी. आप्पांच्या घरात सरकारी नोकरीत जाणारी ती पहिलीच.

"आपल्या घरात कुनाचं नाव ठान्यात न्हाई," आप्पा म्हणाले, "मग कशाचं भ्या?"

गोणी खांद्यावर मारून ते निघाले.

त्या दिवसांत पुण्यात कोयते नाचवणाऱ्या पोरांनी उच्छाद मांडला होता आणि वरून हुकूम सुटला होता, कोयते पकडा. पोरं पकडायची तर पळावं लागतं. हे कोयते आपण होऊन एसटीने आले. वेल्ह्याची गाडी पकडायला आप्पा हायवेच्या फाट्यावर उतरले, तिथे नाकाबंदी होती, आणि गोणी खणखणली. पुढचं सगळं मला फाट्यावरच्या चहावाल्या चाचांनी फोन करून सांगितलं. ते आप्पांना चांगले ओळखत होते, पण त्यांचं कुणी ऐकून घेईना.

हवालदाराने विचारलं, "टोळी कुठली?"

आमच्याकडे टोळी म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबणारी माणसं. आप्पांनी सरळ सांगितलं, "पासलीची."

"म्होरक्या कोण?"

"तसं काय न्हाई. जेचं रान, त्यो सांगंल तसं करायचं."

"आणि या चिंध्या?"

"जेच्या तेच्या वळखीच्या."

"कोयते कशाला?"

"तोडाय. लई माजल्यावर छाटावंच लागतं."

एवढा स्वच्छ कबुलीजबाब माझ्या कादंबरीतल्या एकाही गुंडाने दिलेला नव्हता.

मी गाडी काढून ठाण्यावर पोचलो तेव्हा आप्पा व्हरांड्यात भिंतीशी फरशीवर बसले होते. गुडघे जवळ घेतलेले, टोपी हातात. समोर टेबल, टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर आळीतले कोयते पंख्यासारखे मांडलेले. आरोपीच्या तोंडावर घालायचा काळा बुरखाही तयार होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

फोटो मात्र अडला होता. पुण्याहून गुन्हे पथकाची गाडी आली होती आणि पथकाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं होतं की टीप आमच्या खबऱ्याची. ठाण्याचे निरीक्षक म्हणत होते, हद्द आमची. फोटोत मध्ये कोण उभं राहणार यावर बराच वेळ चर्चा झाली. टेबल उजेडाला नेलं, परत सावलीत आणलं. आरोपीला पुढे खाली बसवायचं, यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

मी राब काय असतो ते सांगितलं. मुलीच्या भरतीचं सांगितलं. निरीक्षक मला ओळखत होते, कादंबरीच्या माहितीसाठी मी त्यांच्याकडे चहा पिऊन आलो होतो.

"मुलगी पोलिसात जाणार म्हटल्यावर बापाने जपून राहायला नको?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुमच्या कादंबरीत शेवटी ठाणं जिंकतं की पथक?"

मी काहीतरी बोललो असतो आणि आप्पांबरोबर फरशीवर जाऊन बसलो असतो. तेवढ्यात पथकाचे अधिकारी फोनवर त्यांच्या साहेबांना मोठ्याने म्हणाले, "हो सर, संपूर्ण कारवाई आपल्या पथकाची."

निरीक्षक उठले. टेबलापाशी गेले, एक कोयता उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर शेतकऱ्याचा मुलगा उगवला.

"ही तर शेतीची अवजारं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "राब माहितीय का राब? तुम्हा शहरातल्या लोकांना भात ताटात आल्यावरच दिसतो."

त्यांनी पासलीच्या पोलीस पाटलांना सगळ्यांदेखत फोन लावला, शिपायाने लिहायला घेतलेला 'घातक शस्त्रे' अशा मजकुराचा कागद फाडला आणि आप्पांसाठी खुर्ची मागवली. पथकाची गाडी रिकामी परत गेली. न्याय झाला, पण तो शेजाऱ्याच्या पोटात दुखावं म्हणून झाला, आणि आम्हाला तोही घेणं भाग होतं. आप्पा खुर्चीवर बसले नाहीत. गोणी भरून दाराशी उभे राहिले.

मी त्यांना गाडीवर मागे घेऊन निघालो. गोणी आमच्या दोघांच्या मध्ये होती.

"आपलं नाव लिवलं न्हाई ना तेनी?" त्यांनी विचारलं.

"नाही आप्पा. कागद माझ्यासमोर फाडला."

विंझरपाशी त्यांनी पुन्हा विचारलं. वेल्ह्याच्या बाजारात उतरताना पुन्हा. मी पुन्हा तेच सांगितलं.

प्रकाशकांना मी हा प्रसंग सांगितला. त्यांना तो पटला नाही. श्रेयासाठी कुणी इतकं हलकं वागत नाही, वाचक हसतील, शिवाय एकही वार नाही, असं त्यांचं मत पडलं. त्यांच्या आग्रहाखातर त्या जागी मी उड्डाणपुलाखाली एक खून घातला. तो परीक्षणांत अस्सल ठरला.

पडताळणी निर्विघ्न झाली. बहीण भरती झाली, प्रशिक्षण संपवून पहिल्या सुट्टीला गावी आली, तेव्हा मी मुद्दाम पासलीला गेलो होतो. ती वर्दीतच आली, बापाला दाखवायची म्हणून. आप्पा ओसरीवर सुपातले तांदूळ निवडत होते. अंगणात खाकी दिसली तसे ते सूप बाजूला सारून उठले, टोपी काढून हातात घेतली आणि भिंतीला लागून उभे राहिले.

"आप्पा, मी हाय," ती हसत म्हणाली.

"व्हय, वळाखलं की," आप्पा म्हणाले.

"मग बसा की."

ते मान हलवत राहिले. तिचं हसू गेलं. ती माझ्याकडे बघायला लागली. तिला त्या दिवसाबद्दल घरात कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मग ती आत गेली. ती वर्दी उतरवून, साधा पंजाबी ड्रेस घालून बाहेर येईपर्यंत आप्पा उभेच होते.