कमलचा फॉर्म

"बाई, हे कोनी लिहिलं?" कमलनं फॉर्मवर बोट ठेवलं.

मीच लिहिलं होतं. टीजी. म्हणजे ट्रान्सजेंडर. जन्मल्यावर लोकांनी मुलगा किंवा मुलगी ठरवलं, पण ज्यांना स्वतःला ते पटत नाही, अशी माणसं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरला एका आरोग्य प्रकल्पात मी काउन्सेलर होते. कमल सावली तालुक्यातल्या गावातलं, तलावात मासे धरणारं. महिनाभराचा खोकला. थुंकीचा रिपोर्ट माझ्या हातात होता. टीबी. तो सांगायच्या आतच हे सुरू झालं.

"संगीताबाईसारखं लिहिलं ना?"

संगीता आमची फील्ड वर्कर. जन्मानं पुरुष, मनानं बाई. कमलला तिनंच आणलं होतं.

"हो," मी म्हटलं.

"ते बाई हाये. तिले मालूम हाये. आपन बाईबी नाई न मानूसबी नाई. मंग आपल्याले तिच्यात काऊन टाकलं?"

कमल उठलं, बसलं, परत उठलं आणि निघून गेलं. रिपोर्ट माझ्याच हातात.

मी प्रकल्पाच्या साहेबांकडे गेले.

"दोन्ही नाही म्हणजे टीजीच, मॅडम. दुसरा कोड नाही."

"कमलला मान्य नाही, सर."

"कॉम्प्युटरला मान्य आहे ना? झालं."

संगीताला विचारलं. ती म्हणाली, "बाई, असे काही जन आमच्यात बसतेत, काही नाई बसत. मी कोन ठरवनारी?"

गोळ्या लांबल्या तर घरातही लागण. कमलच्या घरी म्हातारी आई. दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. वाटेत फॉर्म पर्समधून किती वेळा काढला, किती वेळा ठेवला!

कमल तलावाच्या पाळीवर जाळं सांधत होतं. मी बाजूला नेऊन सांगितलं, "टीबी आहे. गोळ्यांनी बरा होतो. आजच सुरू करू."

"अन् फॉर्म?"

"तुम्ही सांगाल ते."

कमलनं खोकत खोकत फॉर्मवर परत बोट ठेवलं. "कमल लिहा. बस."

टीजी खोडलं. खाली शेरा लिहिला: 'स्वतःला बाई, पुरुष किंवा टीजी म्हणत नाही.' फॉर्म अपूर्ण म्हणून मला मेमो मिळाला. कमलनं कोर्स पूर्ण केला, खोकला गेला.

काही महिन्यांनी गडचांदूरहून एक जण आलं. तेही ना बाई, ना पुरुष. मी आता शहाणी झालेली. म्हटलं, "काळजी करू नका, टीजी लिहिणार नाही."

"काऊन नाई? मी टीजीच हावो. लिहा!"

लिहिलं. तेव्हापासून पेन उघडायच्या आधी मी विचारते. खोडण्यापेक्षा त्याला वेळही कमी लागतो.