वाळल्याशिवाय नाही

आमच्या लायब्ररीत दोन गोष्टी न बोलावता जमतात, धूळ आणि किस्से. धूळ झटकायला आमचा शिपाई बापू आहे. किस्से माझ्या वाट्याला आलेत, आणि त्यातले निम्मे तरी खैरनार सरांचे. सर म्हणजे आमच्या जुन्या कागदपत्रांचे राखणदार, आणि हौसेने बाइंडर. हौस कसली, व्यसनच!

*

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका जुन्या अंकाची सुटी पानं स्टेपल करत होते. सरांनी शांतपणे स्टेपलर काढून घेतला आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

"सर, तो ऑफिसचा आहे!"

"रिटायर झालीस की घेऊन जा. तोवर माझे कागद गंजायला नकोत."

अकरा वर्षं झाली. अजून तिथेच आहे.

*

बाइंडिंगची खळ सर घरीच शिजवून डब्यात आणत. मैद्याची, आणि कसर लागू नये म्हणून आत मोरचूद. रंग जरा निळसर, पण बापूला डब्यातलं काहीही चालतं. कढी समजून भातावर ओतणार, तेवढ्यात सर ओरडले, "अरे थांब! दीड तास ढवळलीय ती!"

मग जरा वेळाने म्हणाले, "आणि विषारी आहे."

*

एकदा सेक्रेटरींना पाहुण्यांना दाखवायला एक जुना ग्रंथ हवा होता. तो नेमका शिकंज्यात होता. शिकंजा म्हणजे बांधलेलं पुस्तक वाळेपर्यंत दाबून ठेवायचा लोखंडी प्रेस.

"अहो, मोठा माणूस आलाय. पाच मिनिटं काढा!"

"वाळल्याशिवाय नाही. ओलं काढलं की जन्मभर वाकडं राहतं."

"मग पाहुण्यांना काय सांगू?"

"उद्या या म्हणावं."

सरांना मेमो मिळाला. तोही त्यांनी नीट शिवून ठेवला!

*

दिंडोरीचे एक द्राक्षवाले वडिलांनी जपलेलं शेतीचं मासिक घेऊन आले. वर्षाच्या बारा अंकांपैकी एक नव्हता. सरांनी गठ्ठा सुतळीने बांधला आणि कपाटात ठेवून दिला.

"सर, तो अंक आता नाय मिळायचा. लय जुना हाय. टाका की शिवून."

"एकदा शिवलं की आत पान घेता येत नाही. वाट बघू."

बिचारे कपाळावर हात मारून गेले.

*

मग सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आजारी पडल्या. आजाराचं नाव सरांनी कधी घेतलं नाही, आम्हीही विचारलं नाही. एकदा सोबत म्हणून मी हॉस्पिटलला गेले. कॉरिडॉरमध्ये सरांच्या हातातल्या काकूंच्या फाइलीची सुतळी सुटली आणि रिपोर्ट फरशीभर पसरले. गोळा करता करता मी चिडून म्हटलं, "सर, जगाची पुस्तकं शिवता, आणि घरची फाइल अशी?"

"अजून पानं यायचीत," सर म्हणाले.

व्हीलचेअरवरून काकू हसल्या. "ऐकलंस? माझा बारावा अंक यायचाय!"

मला काही हसू आलं नाही. त्या दोघांना कसं येत होतं, देव जाणे.

*

उन्हाळ्यात डॉक्टरांनी काकूंना घरी न्यायला सांगितलं. पुढे दहा दिवस सर आले नाहीत, फोनही उचलला नाही. अकराव्या दिवशी सकाळी आले, बगलेत तीच फाइल. थेट आपल्या टेबलाशी गेले. फाइल शिवली, खळ लावून लाल कापड चढवलं, शिकंज्यात घातली आणि स्क्रू आवळला.

आम्हाला कळायचं ते कळलं. बापू डोळे पुसायला लागला. सेक्रेटरी हळूच मला म्हणाले, "शोकसभेची नोटीस लिहायला घे." मी घेतलीसुद्धा.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. हात खळीने बरबटलेले, म्हणून त्यांनी करंगळीने स्पीकर लावला.

"झालं का बांधून?"

आवाज अगदी बारीक, पण काकूंचाच! मी नोटिशीचा कागद मुठीत चुरगळला. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"झालं," सर म्हणाले. "शिकंज्यात आहे. उद्या सकाळपर्यंत वाळेल."

पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"अहो, वाळायची वाट नका बघू. तसंच घेऊन या."

सरांनी हात पुसले आणि स्क्रू सैल केला.